लोंबूची घोंगडी

या, या. असे जवळ बसा. दोन्ही कान टवकारा बरं.

दोन्ही कशाला? कारण आपल्या गोष्टीतल्या कुत्र्याच्या पिल्लाला एकच कान टवकारता येतो. दुसरा कान आपला लोंबतो. पिल्लू चाललं की कान लोंबतो. पिल्लू थांबलं की कान लोंबतो. म्हणून पिल्लाचं नाव लोंबू.

हा लोंबू राहायचा एका छोट्या पुलाखाली. पुलाखालून जायचा पाट. पाट म्हणजे शेतांना पाणी नेणारी लांबच लांब वाट. पण तेव्हा पाट होता कोरडा. पाटात होतं एक फाटकं पोतं. त्या पोत्यावर झोपायचा लोंबू. एकटाच.

त्याची आई कुठं होती? ठाऊक नाही. बाबा कुठं होते? तेही ठाऊक नाही. पोतं मात्र होतं. अगदी त्याचं स्वतःचं होतं.

एके दिवशी सकाळी काय झालं? पाटाला पाणी सुटलं! खळखळ, खळखळ! पाणी आलं पायाशी. पाणी आलं पोटाशी. पाणी आलं नाकाशी. पोतं गेलं वाहून. आणि लोंबूही चालला वाहून!

“कुईं कुईं! कुईं कुईं!”

काठावरून चालली होती चैतू. चैतू केवढी? फार मोठी नाही. तुमच्याहून एक वीत मोठी. तिच्याबरोबर होती तिची आई.

“आई, आई, पिल्लू!” चैतू ओरडली.

आईनं डोक्यावरची पाटी खाली ठेवली. पदर खोचला. आणि उतरली पाण्यात, धपाक! लोंबूच्या मानेला धरलं. उचललं वर. मग पदरानं पुसलं. पाठ पुसली, पोट पुसलं, लोंबता कानही पुसला.

“वाचलं बिचारं,” आई म्हणाली. “आता जा बाबा आपल्या घरी.”

आता घर होतं कुठं? पोतं तर गेलं! लोंबू निघाला चैतूच्या मागं मागं. लुटुलुटु, लुटुलुटु. थेट चैतूच्या दारापर्यंत.

“आई, ह्याला आपण ठेवू या!” चैतू म्हणाली.

“नको गं बाई! ह्याला ठेवायचं कुठं?”

“घरात!”

“घरात ज्याचं त्याचं अंथरूण आहे. माझी वाकळ आहे. तुझं दुपटं आहे. मनीमांजरीलासुद्धा जुनी उशी आहे. ह्याचं अंथरूण कुठाय?”

चैतूनं लोंबूला जवळ ओढलं. मग आई वळली लोंबूकडं.

“हे बघ बाळा. आपलं अंथरूण घेऊन ये. मग ये घरात.”

खरं सांगू? आई आपलं असंच म्हणाली. मोठी माणसं म्हणतात ना, “बघू हं,” “उद्या हं,” तसंच. तिला वाटलं, एवढंसं पिल्लू कुठलं अंथरूण आणतंय! जाईल निघून.

पण लोंबूला ते खरंच वाटलं.

“आणतो!” लोंबू म्हणाला. शेपूट हलवलं आणि निघालासुद्धा.

“लवकर ये रे!” चैतू म्हणाली. “मी दारातच उभी आहे!”

लुटुलुटु, लुटुलुटु. लोंबू गेला सोपान आजोबांकडं.

सोपान आजोबा घोंगड्या विणायचे. घोंगडी म्हणजे मेंढीच्या लोकरीची जाड चादर. काळी काळी, ऊबदार. हवी तर अंथरा, हवी तर पांघरा. आजोबांचा माग होता जमिनीतल्या खड्ड्यावर. आजोबा खड्ड्यात पाय सोडून बसायचे आणि विणायचे, खटक-खट, खटक-खट. पण आज माग गप्प होता.

“आजोबा, आजोबा, घोंगडी विणा ना!”

“कशाला रं बाळा?”

“अंथरूण मिळेना.
अंथरूण मिळेना म्हणून आई घरात घेईना.
सांगा, मी काय करू? कुईं कुईं!”

आजोबांनी चष्मा वर केला. लोंबूला पाहिलं. लोंबता कानही पाहिला.

“विणली असती रं,” आजोबा म्हणाले. “माझे हात तर नुसते शिवशिवतायत. पण सूतच न्हाय! सुताबिगर माग हलत न्हाय. जा, गोदा आत्याला सांग. आत्यानं सूत कातलं की मी विणतो. त्याआधी न्हाय.”

लुटुलुटु, लुटुलुटु. लोंबू गेला गोदा आत्याकडं.

गोदा आत्या बसली होती चरख्यापुढं. चरखा गप्प होता. आत्या मात्र गप्प नव्हती. आत्या कधीच गप्प नसते. ती कोंबडीशी बोलत होती, उंबऱ्याशी बोलत होती, चरख्याशीही बोलत होती.

“आत्या, आत्या, सूत कात ना!”

“अगंबाई! हा कोण गं आला पाहुणा? कशाला रे तुला सूत?”

“आजोबा विणेनात.
आजोबा विणेनात म्हणून अंथरूण मिळेना.
अंथरूण मिळेना म्हणून आई घरात घेईना.
सांगा, मी काय करू? कुईं कुईं!”

आत्याचा हात गेला तोंडावर. “अगंबाई, अगंबाई! एवढं सगळं झालं?” मग तिनं टोपली पुढं केली. टोपली रिकामी. तळाला एक कोळी बसला होता, तेवढाच.

“आता ह्या कोळ्याचं सूत कातू का? लोकर नको का? जा, बिरू मामाला सांग. मामानं लोकर कातरली की मी कातते. त्याआधी नाही, बाई.”

लुटुलुटु, लुटुलुटु. वाट चढाची होती. पाय इवलेसे होते. पण लोंबू थांबला नाही. तो गेला माळावर, बिरू मामांकडं.

बिरू मामा मेंढरं राखायचे. डोक्याला लाल मुंडासं, खांद्यावर काठी, कमरेला मोठी कातर. ते कडुलिंबाखाली बसले होते. कातरीला दगडावर धार लावत होते, खस खस, खस खस.

“मामा, मामा, लोकर कातरा ना!”

“आरं! तू कुणाचा रं?”

लोंबूनं कान टवकारला. कुणाचा? तेच तर ठरायचं होतं. मग तो म्हणाला,

“आत्या कातेना.
आत्या कातेना म्हणून आजोबा विणेनात.
आजोबा विणेनात म्हणून अंथरूण मिळेना.
अंथरूण मिळेना म्हणून आई घरात घेईना.
सांगा, मी काय करू? कुईं कुईं!”

मामांनी कातर उचलली. हवेतच चालवून दाखवली, कच कच.

“कातर हाय तयार. पण मेंढरं बघ कशी मळल्यात! माती, काटे, कुसळं! मेंढी आधी धुवायची, मग कातरायची. आमची रीतच हाय ती. पण ही काळी मेंढी पाण्याकडं बघतसुदिक न्हाय. जा, तिला सांग. मेंढी भिजली की मी कातरतो. त्याआधी न्हाय गड्या.”

लुटुलुटु, लुटुलुटु. लोंबू उतरला ओढ्यावर. तिथं उभी होती काळी मेंढी.

ही मेंढी म्हणजे सगळ्या कळपाची पुढारी. ती उठली की सगळ्या उठायच्या. ती बसली की सगळ्या बसायच्या. ती शिंकली की सगळ्या शिंकायच्या. आज ती पाण्याकडं पाठ करून उभी होती. म्हणून सगळ्या मेंढ्या पाण्याकडं पाठ करून उभ्या होत्या.

“मेंढीताई, मेंढीताई, पाण्यात भिज ना!”

“बेंऽऽ! का म्हणून?”

“मामा कातरेनात.
मामा कातरेनात म्हणून आत्या कातेना.
आत्या कातेना म्हणून आजोबा विणेनात.
आजोबा विणेनात म्हणून अंथरूण मिळेना.
अंथरूण मिळेना म्हणून आई घरात घेईना.
सांगा, मी काय करू? कुईं कुईं!”

मेंढीनं मान हलवली. इकडून तिकडं, तिकडून इकडं.

“माझी तीन कोकरं बघ कुठं गेलीत! पार माळाच्या टोकाला! हाका मारून घसा बसला माझा. ती डोळ्यांपुढं नसताना मी पाण्यात उतरू? आई आहे मी त्यांची. कोकरं आली की मी भिजते. त्याआधी नाही. बेंऽऽ!”

सगळ्या मेंढ्या म्हणाल्या, “बेंऽऽ!”

लोंबू बघतच राहिला. आई अशी असते होय? असा घसा बसेपर्यंत हाका मारते? मग तो वळला आणि निघाला.

लुटुलुटु, लुटुलुटु. लोंबू गेला माळाच्या टोकाला.

तिथं होती तीन कोकरं. एक काळं, एक पांढरं, एक अर्धं काळं अर्धं पांढरं. टण टण उड्या मारत होती. दगडावर चढायची, दगडावरून उडी मारायची. परत चढायची, परत उडी मारायची. दुसरं काही कामच नव्हतं त्यांना.

“कोकरांनो, कोकरांनो, आईकडं या ना!”

“ब्यांऽ! का? ब्यांऽ! का?”

“मेंढी भिजेना.
मेंढी भिजेना म्हणून मामा कातरेनात.
मामा कातरेनात म्हणून आत्या कातेना.
आत्या कातेना म्हणून आजोबा विणेनात.
आजोबा विणेनात म्हणून अंथरूण मिळेना.
अंथरूण मिळेना म्हणून आई घरात घेईना.
सांगा, मी काय करू? कुईं कुईं!”

“नाही येणार!” काळं कोकरू म्हणालं.

“आई ओढ्यावर आहे ना? म्हणजे अंघोळ!” पांढरं कोकरू म्हणालं.

“आम्हाला नको अंघोळ!” अर्धं काळं अर्धं पांढरं कोकरू म्हणालं.

कोण आहे रे असं, ज्याला अंघोळ नको असते? कुणी हसू नका. मी नाव घेत नाहीये.

आता लोंबूनं कुणाकडं जायचं? पुढं कुणीच नव्हतं. नुसता माळ होता आणि एक मोठा दगड होता. लोंबू दगडापाशी बसला. दगडालाच सांगायला लागला.

“कोकरं येईनात.
कोकरं येईनात म्हणून मेंढी भिजेना.
मेंढी भिजेना म्हणून मामा कातरेनात.
मामा कातरेनात म्हणून आत्या कातेना.
आत्या कातेना म्हणून आजोबा विणेनात.
आजोबा विणेनात म्हणून अंथरूण मिळेना.
अंथरूण मिळेना म्हणून आई घरात घेईना.
सांगा, मी काय करू? कुईं कुईं!”

दगड काय सांगणार? दगड गप्प.

लोंबूला रडू आलं. घोंगडी नाही तर घर नाही. घर नाही तर चैतू नाही. मग जायचं कुठं? परत पुलाखाली? तिथं तर पाणी! त्यानं नाक पायांत खुपसलं. लोंबता कान डोळ्यांवर घेतला.

तेवढ्यात पांढऱ्या कोकरानं मारली मोठ्ठी उडी. टण! आणि पळत सुटलं. कुठं? पाटाकडं! पाट तुडुंब भरलेला. खळखळ, खळखळ! काळं कोकरू निघालं त्याच्या मागं. अर्धं काळं अर्धं पांढरं निघालं त्याच्या मागं.

लोंबू उठला. कुईं कुईं विसरला. लुटुलुटु पण विसरला. पळाला तो असा, भिर्रर्र! कोकरांच्या पुढं गेला. पाटाच्या आणि कोकरांच्या मध्ये उभा राहिला.

“भूः! भूः!”

कोकरं घाबरली. एक पळालं इकडं, एक पळालं तिकडं, एक पळालं भलतीकडंच. अरे देवा! हे तर आणखीच पांगलं!

मग लोंबू भुंकायचा थांबला. काळ्या कोकराच्या मागं धावला. त्याला वळवलं. तोवर पांढरं पळालं. पांढऱ्याच्या मागं धावला. तोवर अर्धं काळं अर्धं पांढरं पळालं. लोंबूची जीभ बाहेर आली. ह्या ह्या, ह्या ह्या.

मग काय झालं, ऐका. लोंबू एकामागं धावलाच नाही. तो तिघांच्याही मागं गेला. लांबून लांबून, गोल गोल. पोट जमिनीला टेकवलं. नजर कोकरांवर लावली. भुंकला नाही, चावला नाही. नुसता बघत राहिला आणि हळूहळू पुढं सरकला.

कोकरं जवळ जवळ आली. लोंबू डावीकडून गेला. कोकरं उजवीकडं वळली. लोंबू उजवीकडून गेला. कोकरं सरळ चालायला लागली. टुक टुक टुक, तिघंही एका ओळीत!

हे लोंबूला शिकवलं कुणी? कुणीच नाही. ते त्याच्या पायांतच होतं.

टुक टुक टुक कोकरं, आणि त्यांच्या मागं लोंबू. माळ संपला, चढ संपला, उतार आला. आणि आला ओढा.

“बेंऽऽ! आली गं माझी बाळं!” काळी मेंढी ओरडली. एकेकाला हुंगलं. एकेकाला चाटलं. आणि मग ती वळली आणि उतरली पाण्यात. डुबुक!

तिच्या मागं दुसरी, डुबुक! तिसरी, डुबुक! चौथी, डुबुक! पुढारी भिजली म्हणजे सगळ्या भिजल्या. आणि कोकरांची अंघोळ चुकली का? छे! आईनं तिघांनाही बुडवून काढलं.

बिरू मामा लिंबाखालून हे सगळं बघत होते. त्यांनी कपाळाला हात लावला.

“आरं तिच्यायला! हा तर मेंढरामागचा गडी! ह्याची आई मेंढरं राखणारीच असंल. बाप कुठला का असंना.”

ऊन कडक होतं. मेंढ्या वाळल्या. मग मामांनी कातर घेतली. कच कच, कच कच! काळी काळी लोकर पडली. ढीगच्या ढीग पडला.

लोकर गाठोड्यात बांधून मामा खाली बसले. लोंबूच्या पाठीवरून हात फिरवला.

“लेका, ऱ्हातोस का माझ्यापाशी? मेंढरं वळवायची, भाकरी खायची, माळावर हिंडायचं. तुला अंथरूण नको नि काय नको.”

लोंबूनं कोकरांकडं पाहिलं. कोकरं छान होती. मामाही छान होते. भाकरीचा वासही छान येत होता. पण दारात कोण उभं होतं?

“मामा, चैतू वाट बघतेय,” लोंबू म्हणाला.

मामा हसले. “मग पळ तर! पण मधनं मधनं येत जा मेंढरं वळवाया.” आणि गाठोडं खांद्यावर टाकून तेही निघाले.

मामांनी लोकर दिली आत्याला. आत्यानं लोकर पिंजली. मग चरखा फिरला, घर्र घर्र, घर्र घर्र. आत्या बोलत होती आणि सूत निघत होतं. आत्या जेवढी बोलली तेवढं सूत निघालं. म्हणजे किती निघालं असेल, बघा!

आत्यानं सूत दिलं आजोबांना. आजोबांनी खड्ड्यात पाय सोडले. आणि माग बोलायला लागला, खटक-खट, खटक-खट.

घोंगडी काही एका दिवसात होत नाही. लोंबू मागापाशी बसून राहिला. चैतू रोज यायची. दुधात भाकरी कुस्करून आणायची.

“झाली का हो आजोबा?”

“वीतभर झाली.”

दुसऱ्या दिवशी, “झाली का हो आजोबा?”

“हातभर झाली.”

तिसऱ्या दिवशी चैतू म्हणाली, “आजोबा, लोंबू तर एवढासाच आहे. बास की एवढी!”

आजोबा चष्म्यावरून बघायला लागले. “पोरी, घोंगडी म्हंजे घोंगडी. तिला ल्हानमोठं नसतं. माझ्या हाताला एकच माप ठावं हाय. मोठ्या माणसाला डोक्यापासनं पायापतुर पुरंल, एवढं.”

आणि आजोबा विणतच राहिले. खटक-खट, खटक-खट.

मग त्यांनी चिंचोके शिजवून त्यांची खळ केली. खळ लावली म्हणजे घोंगडी कशी घट्ट होते. लोंबूनं थोडी खळ चाटून बघितली. तोंड वाकडं केलं आणि परत चाटली. घोंगडी उन्हात वाळली आणि तयार झाली.

लोंबूनं घोंगडीचं टोक दातांत धरलं आणि ओढलं. घोंगडी हलेना! मग दुसरं टोक चैतूनं धरलं. तरी हलेना! मग आजोबा उठले. वाटेत आत्या भेटली, तिनं मधे धरलं. मामा भेटले, त्यांनी काठीवर तोलून धरलं. मागून आली काळी मेंढी. ती आली म्हणून सगळ्या आल्या. आणि कोकरं काय मागं राहतात?

अशी ती वरात आली चैतूच्या दारात.

आई बाहेर आली. बघते तर काय! दारात माणसं, दारात मेंढरं, आणि सगळ्यांच्या पुढं लोंबू. तोंडात घोंगडी. एक कान टवकारलेला, एक कान लोंबलेला.

“हे काय गं?” आई म्हणाली.

लोंबूनं घोंगडी खाली ठेवली. छाती फुगवली आणि म्हणाला,

“कोकरं आली.
कोकरं आली म्हणून मेंढी भिजली.
मेंढी भिजली म्हणून मामांनी कातरलं.
मामांनी कातरलं म्हणून आत्यानं कातलं.
आत्यानं कातलं म्हणून आजोबांनी विणलं.
आजोबांनी विणलं म्हणून अंथरूण मिळालं.
अंथरूण मिळालं, आई! आता घरात घेतेस?”

आईनं घोंगडीवरून हात फिरवला. तिचे डोळे भरले. ती लोंबूपुढं उकिडवी बसली.

“बाळा, मी आपलं तुला घालवायला तसं म्हणाले होते रे. आणि तू खरंच आणलंस! चुकलं माझं.”

मग तिनं लोंबूला उचललं. पदरानं धूळ पुसली. आणि उंबऱ्याच्या आत नेलं.

“हा आमचा लोंबू,” आई सगळ्यांना म्हणाली.

मामांनी विचारलं होतं ना, तू कुणाचा? आता कळलं कुणाचा!

चैतूनं घोंगडी अंथरली. अंथरली, अंथरली, अंथरली. अख्खी ओसरी भरली! लोंबू बसला मधोमध. चैतू बसली त्याला चिकटून. मनीमांजर आपली उशी सोडून आली. आजोबा टेकले, आत्या टेकली, मामा टेकले. तीन कोकरं तर चढून लोळायलाच लागली. काळ्या मेंढीनं एक कोपरा धरला.

आई सगळ्यांना गूळपाणी घेऊन आली. बघते तर बसायला जागाच नाही. घोंगडीवर जागा नाही. ओसरीवर जागा नाही. आई आपली तांब्या घेऊन उभी.

“अरे लोंबू,” आई म्हणाली, “आता मी कुठं बसू?”

सगळे लोंबूकडं बघायला लागले. लोंबूनं आईकडं पाहिलं. मग तो उठला आणि थोडासा सरकला. आणखी थोडासा सरकला. इवलीशी जागा झाली.

“ये ना,” लोंबू म्हणाला.

आणि आई बसली.

लोंबूची गोष्ट निजली घोंगडीत,
आता तुम्ही शिरा गोधडीत.